बाळाने दूध ओढणे सोडले तर...

घरात नातवंड येणार अशी चाहूल लागली, की आपल्या पिढीचे हात आपोआप कामाला लागतात. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवली जातात, डिंक आणि खारीक निवडून ठेवली जाते, कुंचीसाठी मऊ कापड शोधले जाते. प्रसूती दवाखान्यात होते, दोन-चार दिवसांत बाळ-बाळंतीण घरी येतात आणि तेथून पुढचा सारा कारभार घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती येतो. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्या पुढच्या चार आठवड्यांविषयी, आणि त्या काळात क्वचित येणाऱ्या, परंतु आली तर काही तासांत होत्याचे नव्हते करणाऱ्या एका दुखण्याविषयी.

जन्मापासूनच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांच्या मुलाला वैद्यकशास्त्र ‘नवजात’ म्हणते. जगात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी या अठ्ठावीस दिवसांतच जातात. त्याची मुख्य कारणे तीन : अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना श्वास कोंडणे आणि जंतुसंसर्ग. पहिली दोन बहुतांशी प्रसूतिगृहाच्या भिंतींआड घडतात. तिसरे मात्र घरी, आपल्या मांडीवर, आपल्या डोळ्यांदेखत सुरू होऊ शकते, आणि ते आधी कोणाच्या लक्षात येते यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

या दुखण्याला डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात. जंतू शरीराच्या एखाद्या जागी, म्हणजे नाळेत, त्वचेवर, फुप्फुसात, शिरकाव करतात, तेथून रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर सर्वांगात पोहोचतात. मोठ्या माणसाच्या पायाला गळू झाले तर शरीर त्या जागेभोवती तटबंदी उभारते. ताप येतो, जागा लाल होते, पू धरतो, आणि लढाई बहुधा तेथेच संपते. नवजात बाळाजवळ ही तटबंदी नसते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा साठा थोडा असतो आणि तो लवकर संपतो. आईच्या रक्तातील संरक्षक द्रव्ये वारेतून बाळाकडे जातात खरी, पण त्यांतील मोठा वाटा गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जातो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेले बाळ हा ठेवा अर्धामुर्धाच घेऊन येते. त्याची कातडीही इतकी पातळ असते, की जंतूंना ती फारशी अडवत नाही. रक्तातील जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचले तर मेंदूज्वर होतो, आणि नवजात बाळात हे अंतर फार थोडे असते.

संसर्ग दोन वाटांनी येतो. जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांत उद्भवणारा संसर्ग बहुधा आईच्या जननमार्गातून किंवा प्रसूतीच्या वेळी आलेला असतो. पाणमोट फुटून अठरा तासांहून अधिक वेळ गेला असेल, आईला बाळंतपणात ताप असेल, गर्भजलाला दुर्गंधी असेल, तर असे बाळ वरवर ठणठणीत दिसले तरी डॉक्टर त्याच्यावर अधिक काळ नजर ठेवतात. अशा वेळी ‘बाळ चांगले आहे, घरी का सोडत नाही?’ म्हणून आपण घाई करू नये. दुसरी वाट नंतरची आहे. ती रुग्णालयातील उपकरणांची, आपल्या हातांची, नाळेची आणि दुधाच्या बाटलीची.

शांत बाळाचे कौतुक

आपण चार-सहा मुले वाढलेली पाहिली आहेत. मुलाला ताप आला म्हणजे दुखणे आले, हे आपल्या मनात पक्के बसलेले असते. नवजात बाळाच्या बाबतीत हाच ठोकताळा दगा देतो. रक्तात जंतू भिनलेल्या तान्ह्या बाळाला ताप येईलच असे नाही. पुष्कळदा ते उलट गार पडते. ते मोठ्याने रडत नाही, कण्हत नाही. ते फक्त कमी कमी होत जाते. दूध कमी ओढते, रडणे बारीक होते, हातपाय सैल पडतात, झोप वाढते. नेमके याच वेळी घरात कोणीतरी कौतुकाने म्हणते, “किती शहाणे बाळ आहे हो, मुळीच त्रास देत नाही!” मला वाटते, तान्ह्या बाळाविषयी बोलले जाणारे हे सर्वांत धोक्याचे वाक्य असावे.

निरोगी नवजात बाळ दिवसाचा बहुतेक वेळ झोपते हे खरे. पण ते भुकेला उठते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध मागते, आणि एकदा ओढू लागले की गाल, जबडा आणि कान हलताना दिसतात. कालपर्यंत असे ओढणारे बाळ आज स्तन तोंडात घेऊन नुसते पडून राहत असेल, दोन घोट घेऊन सोडून देत असेल, तळव्याला टिचकी मारूनही धड जागे होत नसेल, तर ही झोप नव्हे. ‘काल’ आणि ‘आज’ यांतील हा फरक यंत्राला कळत नाही. बाळाला रोज हाताळणाऱ्या माणसाला कळतो.

श्वास मोजणे अवघड नाही. बाळ शांत असताना झबले वर करावे आणि पोट किती वेळा वर उचलले जाते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच काही सेकंद थांबतो, मग भराभर चालतो. साठ किंवा त्याहून अधिक भरले तर पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जात असेल, श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. आपली नजर अधू असेल तर घड्याळ नातवाच्या हाती द्यावे आणि मोजणी आपण करावी.

स्पर्शाचीही एक साधी परीक्षा आहे. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावावी. दोन्ही सारखी उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे; त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा पाहावे. पोटही गार लागले, तर ते दुखणे समजावे. घरात थर्मामीटर असेल तर तो काखेत लावावा. साडेसत्त्याण्णव ते साडेनव्याण्णव फॅरनहाइट हे ठीक. त्याहून जास्त भरले, किंवा शहाण्णवच्या खाली गेले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. यांत कमी भरलेले अधिक भयाचे.

नाळेच्या बुडाशी पू येणे, भोवतालची कातडी लाल होणे, अंगावर पुवाळलेले फोड येणे, पोट ढोलासारखे ताठ होणे, हिरवट उलटी होणे, टाळू फुगून वर येणे, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा उतरणे, हीदेखील तशीच चिन्हे. झटके मात्र ओळखायला कठीण जातात. तान्ह्या बाळाचे झटके मोठ्या माणसाच्या फिटसारखे नसतात. एकच हात लयीत उडत राहतो, डोळे एका बाजूला खिळतात, दूध नसताना ओठ चुटूचुटू हलत राहतात.

बाळ दूध घेईनासे झाले की ‘दृष्ट लागली’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मीठ-मोहरी उतरवून टाकण्याला माझा विरोध नाही. त्याला दोन मिनिटे लागतात आणि त्याने घरातल्यांच्या जिवाला धीर येतो. पण ती दोन मिनिटे झाल्यावर ‘आता सकाळपर्यंत वाट पाहू’ हा जो निर्णय होतो, त्याला माझा पूर्ण विरोध आहे. रक्तातले जंतू सकाळची वाट पाहत नाहीत. आणि काही भागांत पोट फुगलेल्या बाळाच्या पोटाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याची जी प्रथा आजही आढळते, ती तर जंतूंना आणखी एक दार उघडून देते.

गडचिरोलीचा धडा

या लक्षणांना किती मोल आहे हे जगाला ज्या ठिकाणाहून कळले, ते ठिकाण आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकाच्या मध्याला तेथील खेड्यांत दर हजार जन्मांमागे सुमारे बासष्ट बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. प्रसूती घरीच होत. रुग्णालय दूर होते, आणि बाळंतिणीला व तान्ह्या बाळाला घराबाहेर काढण्याची रीतही नव्हती. ‘सेप्सिसच्या बाळाला रुग्णालयात न्या’ हा पुस्तकातला सल्ला तेथे कागदावरच राहत होता.

बंग दांपत्याने प्रश्न उलटा करून पाहिला. बाळ रुग्णालयात जात नसेल, तर उपचार बाळाच्या घरी जाऊ शकेल काय? एकोणचाळीस गावांत गावातल्याच, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना निवडून शिकवण्यात आले. त्यांना ‘आरोग्यदूत’ हे नाव मिळाले. त्या प्रसूतीच्या वेळी हजर राहत, पुढे महिनाभर ठरावीक दिवशी घरी येऊन बाळाचे वजन करीत, श्वास मोजत, नाळ पाहत. सेप्सिसची चिन्हे दिसली आणि कुटुंब रुग्णालयात जायला तयार नसले, तर त्या आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देत आणि तोंडाने कोट्रायमॉक्सझोल देत. खेड्यातल्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचे, ही कल्पना त्या काळी अनेक तज्ज्ञांना धाडसाची वाटली असणार. पण आकडे बोलले. उपचार सुरू होण्यापूर्वी सेप्सिस झालेल्या दर शंभर बाळांपैकी सुमारे सतरा दगावत होती. नंतर हे प्रमाण तीनच्याही खाली आले. जवळच्या सत्तेचाळीस गावांशी तुलना करता, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण बासष्ट टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला, आणि जगभर नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा विचार त्यानंतर बदलला.

मला या कामातील एक बारकावा सर्वांत मोलाचा वाटतो. आरोग्यदूतांच्या हाती रक्त तपासण्याची सोय नव्हती. मग निदान कशावरून करायचे? त्यांनी जमवलेल्या नोंदी पुढे बारकाईने तपासल्यावर सात साधी चिन्हे हाती लागली : दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, उलटी किंवा पोटफुगी, छाती आत ओढली जाणे, नाळेत पू होणे, आणि ‘बाळ हाताला गार लागते’ असे आईचे म्हणणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली, की धोका मानायचा. सातवे चिन्ह पुन्हा वाचावे. आईचे म्हणणे हे तेथे निदानाचे साधन ठरले आहे.

आणि आपल्या घरांत नेमके तेच कमी ऐकले जाते. बाळाचे काहीतरी बिनसले आहे हे पुष्कळदा सर्वांत आधी आईला जाणवते. पण ती घरातली वयाने लहान, पहिलटकरीण, बाळंतपणाने थकलेली. तिने “आज नेहमीसारखे पीत नाही” म्हटले, की “तुला काय कळते, आम्ही पाच वाढवली” असे उत्तर मिळते. सून असो वा माहेरी आलेली लेक, तिने असे म्हटल्यावर आपण उठून बाळ हातात घ्यावे, पाहावे, मोजावे. तरीही तिचे समाधान झाले नाही, तर दवाखान्यात जावे. ‘काही नव्हते, उगाच घाबरलात’ असे डॉक्टरांनी सांगितले तर त्यासारखा आनंद नाही. दहा फेऱ्या फुकट गेल्या तरी चालतील.

दवाखान्याची वाट आणि तिथला मुक्काम

निघताना आईला बाळाबरोबर नेलेच पाहिजे. तिचे दूध तिथे लागणार आहे. बाळाला तिच्या छातीशी उघड्या अंगाने धरावे, डोक्यावर टोपरे घालावे आणि दोघांवरून शाल घ्यावी. गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडीचा शेक नको. कोवळ्या कातडीला भाजते. बाळ ओढत असेल तर वाटेत पाजावे. ओढत नसेल, मलूल पडले असेल, तर चमच्याने काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. प्रसूतीच्या दवाखान्याचे कार्ड बरोबर असावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा १०२ क्रमांकावर फोन करावा. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून आजच भिंतीवर चिकटवावेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि नेणे-आणणे विनामूल्य असते. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहेत. पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

तेथे पोहोचल्यावर बाळाच्या शिरेतून थोडे रक्त काढून ते जंतू वाढवून पाहण्यासाठी पाठवले जाते. त्याचा अहवाल यायला दोन ते तीन दिवस लागतात. तोवर थांबता येत नाही, म्हणून जंतुनाशक औषधे शिरेतून लगेच सुरू होतात. “अजून निदान नाही आणि औषधे मात्र सुरू” म्हणून कोणी कुरकुरत असेल, तर त्यांना हे सांगावे. अहवालात काही निघाले नाही आणि बाळ टवटवीत असेल, तर डॉक्टर औषधे दोन-तीन दिवसांत बंदही करतात. तो अर्धवट उपचार नसतो. संसर्ग निघाला तर आठ-दहा दिवस, आणि मेंदूज्वर असेल तर दोन-तीन आठवडे मुक्काम पडतो.

मेंदूज्वर आहे की नाही हे कळण्यासाठी पाठीतून थोडे पाणी काढून तपासावे लागते. या तपासणीला सर्वाधिक विरोध होतो, आणि तो आपल्या वयाच्या मंडळींकडून होतो. “पाठीतून पाणी काढले की मूल लुळे होते” ही समजूत खोल रुजलेली आहे. तिचे कारणही समजण्यासारखे आहे : ही तपासणी ज्यांची होते त्यांतील काही मुले मेंदूज्वराने आधीच ग्रासलेली असतात आणि पुढे त्यांच्यात दोष राहतो, लोकांना सुई आठवते, दुखणे आठवत नाही. सुई घालतात ती जागा कमरेच्या खालच्या मणक्यांत असते, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली. या तपासणीविना किती दिवस औषध द्यायचे हे ठरत नाही, आणि कमी दिवस दिले तर दुखणे उलटते. संमतीच्या कागदावर मुलाची सही घेतली जात असताना त्याची नजर आपल्याकडे वळते, हे ध्यानात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात साडेतेरा हजारांवर नवजात बाळांचा पाठपुरावा झाला. तेथे आढळलेल्या जंतूंत ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला आघाडीवर होते, आणि ॲसिनेटोबॅक्टरपैकी सुमारे ब्याऐंशी टक्के एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नव्हते. जेंटामायसिनवर गडचिरोलीत बाळे वाचली. तेच औषध आज मोठ्या रुग्णालयातील अनेक जंतूंवर निष्प्रभ ठरते. सर्दी-पडशासाठी औषधाच्या दुकानातून आपणच आणलेल्या जंतुनाशक गोळ्यांचा, अर्ध्यावर सोडलेल्या औषधांचा या घडामोडीत वाटा आहे. घरातल्या जुन्या बाटलीतले उरलेले औषध तान्ह्या बाळाला ‘थोडेसे’ देणे तर कधीही करू नये. त्याने जंतू मरत नाहीत, तपासणीत मात्र लपतात.

आपल्या हातांविषयी

संसर्ग घरात येऊच नये यासाठी जे करायचे ते साधे आहे, आणि त्यातले बरेचसे ‘काही न करणे’ आहे. नाळेला काही लावू नये. हळद नाही, तेल नाही, राख नाही, शेण तर नाहीच. ती उघडी आणि कोरडी ठेवली, लंगोट तिच्या खाली बांधला, की पाच ते पंधरा दिवसांत आपोआप गळते. जन्मानंतर निदान चोवीस तास आंघोळ नको. मध, साखरपाणी, घुटी चाटवू नये. पहिल्या तासातच आईच्या छातीला लावून पिवळा घट्ट चीक पाजावा. पूर्वी कित्येक घरांत हा चीक नासका म्हणून पिळून टाकत. जंतूंपासून आतड्याचे रक्षण करणारी द्रव्ये त्यातच सर्वांत जास्त असतात, आणि त्याला पर्याय अद्याप कोणालाही बनवता आलेला नाही. ओडिशात साडेचार हजारांवर बाळांना उपकारक जंतूंची पावडर देऊन झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेप्सिस आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण चाळीस टक्क्यांनी कमी झाले, हे खरे. पण ती विशिष्ट जातीच्या जंतूंची, नियंत्रणाखाली दिलेली मात्रा होती. दुकानात मिळणारी कोणतीही पुडी म्हणजे ते औषध नव्हे.

बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. अंगठ्या काढाव्यात, नखे कापावीत, बांगड्या वर सरकवून मनगटापर्यंत धुवावे. टाळू भरणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या बाईंनाही हे सांगावे. त्यांना राग येईल असे वाटत असेल, तर आधी त्यांच्यासमोर आपण आपले हात धुवावेत. आपल्याला खोकला असेल, ओठांवर जर आली असेल, हातावर फोड असेल, तर ते बरे होईपर्यंत दुरून पाहावे. बारशाला गर्दी जमू द्यावी, पण बाळ या हातातून त्या हातात फिरवू नये. बाळ कमी वजनाचे असेल तर बारसेच दोन महिने पुढे ढकलले तरी काही बिघडत नाही. हे सांगण्याचा मान आणि अधिकार घरात आजी-आजोबांनाच असतो. सुनेने सांगितले तर तो उद्धटपणा ठरतो.

अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळासाठी तर आपले अंगच औषध आहे. १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरातील एका रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या, एकेका पेटीत अनेक बाळे ठेवावी लागत आणि ती एकमेकांच्या संसर्गाने दगावत. तेथील डॉक्टर एडगर रे सनाब्रिया यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीला नाव पडले. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच अशी काळजी मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी आढळले. सेप्सिसही कमी झाला. आई थकली असेल तर हे काम बाप करू शकतो, आजी करू शकते, आजोबाही करू शकतात. सदऱ्याची बटणे सोडून नातवाला छातीवर घेऊन तासभर आरामखुर्चीत बसणे, याहून सुखाचे काम आजोबांना कोण देणार! अंग स्वच्छ धुतलेले असावे, तंबाखू-विडी जवळपास नसावी, एवढीच अट.

बाळाकडे पाहताना बाळंतिणीकडे दुर्लक्ष होते. तिला ताप, थंडी वाजून येणे, ओटीपोटात दुखणे, अंगावरून जाण्याला दुर्गंधी, ही तिच्या रक्तात जंतू शिरल्याची चिन्हे असू शकतात. ‘दुधाचा ताप आहे’ म्हणून तेही घरात झाकले जाते.

बाळ बरे होऊन घरी आले, की सुटकेच्या कागदावरील तारखा कॅलेंडरवर लाल शाईने लिहून काढाव्यात. सेप्सिस झालेल्या बाळाची, विशेषतः मेंदूज्वर झाला असेल तर, ऐकण्याची तपासणी करून घ्यावी लागते. दुखण्याने आणि काही औषधांनीही कानाच्या शिरेला इजा होऊ शकते, आणि ती जितकी लवकर कळेल तितकी बोलणे शिकण्यात अडचण कमी येते. मान केव्हा धरतो, नजर केव्हा लावतो, हसतो केव्हा, याच्या नोंदी वर्षभर ठेवाव्यात. एरवीही गावातील आशा कार्यकर्ती दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. गडचिरोलीच्या त्या आरोग्यदूतांचीच ही धाकटी बहीण. ती आली की तिला दारातून पाणी देऊन परत पाठवू नये. आत बोलवावे, बाळाचे वजन करायला लावावे, आणि मागच्या वेळेपेक्षा ते किती वाढले हे विचारावे.